निलगिरीचा खोडवा

माझे मने,

सगळ्यात आदी कोण आलं असंल, वळख बरं! जावईबापू न्हाय, तुझी सई बी न्हाय. शेजारची गोदाकाकू! पाव्हण्यांची गाडी अजून बारामतीच्या पल्याड, आन् ही बया आपल्या दारात हजर. हातात वाटी. म्हणं, "विरजणाला जरा दही दे." दावणीला दोन म्हशी, आन् हिला माझ्याकडचं दही पायजे! मी म्हणलं, "पोरगी बघायला आले म्हणून सांग की सरळ." तर म्हणती कशी, "बघायला कशाला? मी काय नातू संगं आणलाय व्हय?" आन् बसली की उंबऱ्यालाच, गाडी येईस्तोवर.

हे मी कुठनं सुरू केलं बघ! पत्र असं लिहीत न्हाईत. चौथीत मास्तरांनी शिकवलं व्हतं, थोराला ती. लिहायचं आन् धाकट्याला चि. लिहायचं. तुला चि. लिहायला पेन टेकला आन् हात तितंच थांबला. चिरंजीव कसं म्हणू गं तुला? आन् लेकीला न म्हणू तरी कसं? मग म्हणलं, जाऊ दे, गोदाकाकूपासनं सुरू करावं. ती काय, कुठं बी घुसती.

पाव्हणं आज सकाळी परत गेलं. नाताळाच्या सुट्टीला आलं व्हतं दोघं, बाप आन् लेक. आता घर खायला उठलंय. तुझं तात्या रानात गेलंत, मी ओट्यावर बसून हे लिहिती. का लिहिती सांगू? तुझी एक वस्तू हाय, तिचा निकाल मी तुला न इचारता दिलाय. तुझी ती टपातली निलगिरी. ती कापायला सांगितलीय मी. तुझ्या लेकीला सांगितलीय. आता तुला सांगायला नको?

पण थांब, आदी पोरीचं सांगती. गाडीतनं उतरली तर मी वरच बघत ऱ्हायले. केवढी उंच झालीय! दहावीच्या वयाची पोरगी, माझं डोकं तिच्या खांद्याला लागलं. गोदाकाकू पुढं झाली आन् बहिऱ्याशी बोलावं तसं वरडून म्हणली, "मराठी येती का गं बाय?"

सई म्हणली, "येती की. तुमी उभ्या का, काकू? बसा की."

गोदाकाकूच्या हातातली वाटी पडायची ऱ्हायली. "आगं बया! ही तर आपल्या भवानीनगरची निघाली!"

मने, ह्यो तुझा 'की' हाय. तुझा. पुण्यातली आपली पोरं आता पुस्तकातल्यासारखं बोलत्यात, आन् समुद्रापल्याडच्या गारठ्यात वाढलेली तुझी लेक हितलं बोलती. बाहीर तिला मराठी बोलायला कोण व्हतं? तूच. म्हणून तुझं जसंच्या तसं उतरलंय, हेल बी, तोंड वाकडं करून "व्हय व्हय" म्हणायची तऱ्हा बी. किती आनंद झाला म्हणून सांगू! दृष्ट काढली मी तिची, मीठमोहऱ्या तडतडल्या नुसत्या. मग चहा टाकते म्हणून आत गेले आन् रडून घेतलं. चुलीपुढं रडलं तर धुराचं नाव सांगता यायचं. गॅसला धूर बी नसतो गं. बायांची रडायची सोयच न्हाय ऱ्हायली.

तुला आठवतं का, निलगिरी तू कशी घेतलीस? आयर्लंडला जाऊन पयलाच हिवाळा. दवाखान्यातनं रातपाळी करून यायचीस आन् मला फोन लावायचीस. बोलायचीस थोडं, हुंदकाच जास्ती. "आई, हितं कशालाच वास न्हाय गं. नुसता खारा वारा." मग एक दिवस फोन आला तो हसतच. "आई, रोपांच्या दुकानात आपली निलगिरी मिळाली! पान चुरगाळलं आन् डोळं मिटलं, तर मी शाळंच्या वाटंवर!"

पाटाच्या कडंनं ती रांग व्हती न्हवं, भवानीनगरला जाताना? तिच्याखालनं चालत तू शाळंत गेलीस. बियांच्या टोप्या येचून आणायचीस, फ्रॉकचा खिसा कायम भरलेला. सर्दी झाली की पाला उकळून तुला वाफ द्यायची मी, गोधडीखाली तू बोंबलायचीस. आपल्याकडं त्या झाडाला कोण चांगलं म्हणत न्हाय. हिरीचं पाणी पितं म्हणत्यात. आन् तू ते तितं पदरचं पाणी घालून वाढवलंस!

फोनमधी दावलंस तवा मी म्हणलं, "फसवलं की तुला! निलगिरीचं पान कोयत्यासारखं लांब असतं. हे तर गोल, पैशासारखं. रंग बी राखेसारखा." तू म्हणलीस, "न्हाय आई, ही थंडीतली जात हाय. लहान हाय तवर पान गोल असतं, मोठी झाली की लांब हुतं."

आन् मग आपण दोघींनी मिळून तिला जवळजवळ मारलीच की गं! आठवून हसू येतं. तितं थंडी पडली आन् मी हितनं सांगितलं, "लेकरू गारठंल, आत घे." करडू आत घेतो तसं. तू तर माझ्याहून पुढची. माझी गोधडी गुंडाळलीस तिला आन् खोलीतल्या हीटरपाशी ठिवलीस. पंधरवड्यात पानं खळाखळा खाली! तितली शेजारची म्हातारी बघून गेली आन् हसत सुटली, म्हणं, हिला गारवाच लागतो, बाहीर काढा बिचारीला. दक्षिणंच्या भिंतीला, वाऱ्याच्या आडोशाला ठिवलीस तवा कुठं जीव धरला. पाणी मात्र रोज. जमिनीतलं झाड मुळं लांबवून पाणी हुडकतं. टपातल्या झाडानं जायचं कुठं? मी म्हणलं, "अगदी तुझ्यासारखं हाय बघ. घालंल तेवढंच पाणी."

तवापासनं दर वर्सी थंडी सरत आली की तू ती गुडघ्याएवढी ठिवून छाटायचीस. वरचं समदं काढून टाकायचीस. मग पुन्यांदा फुटायची आन् पुन्यांदा गोल पानं. छाटलेल्या डहाळ्या तुझ्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांच्या उशाला. "आई, हितल्या आज्ज्यांना बी वास आवडतो."

मग तुझं दुखणं आलं.

मला सांगितलंस का गं? न्हाय सांगितलंस. आता रागावते थोडी, रागावू दे. रोज फोन करायचीस, तोंड दावायचीस आन् पटकन म्हणायचीस, "आई, झाड बघ, केवढं झालंय!" आन् फोन फिरवायचीस झाडाकडं. मी बघायची. "व्हय गं, केवढं झालंय! पण छाटलं न्हाईस औंदा?" तू म्हणायचीस, "छाटीन की." मी झाडच बघत बसले, मने. तू तोंड लपवायला झाड पुढं करत व्हतीस, आन् मी पानं मोजल्यासारखी झाडाकडं बघत व्हते. तुला बघायचं राहूनच गेलं. आईला कळू नये? अशी कशी गं तू? आन् मी तरी अशी कशी?

नंतर तू आलीस ती तांब्यात. जावईबापूंनी छातीशी धरून आणलं. नीरेच्या पाण्यात सोडलं तुला. त्या दिवसापासनं त्या झाडावर माझा राग व्हता, आज खरं सांगती. माझ्या लेकीचं तोंड त्यानं झाकलं म्हणून. सई फोनवर झाड दावायला लागली की मी म्हणायची, "ऱ्हाऊ दे, तू तुझंच तोंड दाव."

तर ह्या खेपंला आल्यावर दुसऱ्याच दिवशी जेवताना भांडण झालं. जावईबापू म्हणलं, "मामी, तुम्हीच समजवा हिला. ते झाड आता माडीच्या खिडकीला लागलंय. टपाच्या बुडातनं मुळं बाहेर आलीत. समुद्राचं वारं सुटलं की झाड टपासकट आडवं. दोनदा पडलं. मी पाइपला नायलॉनच्या दोरीनं बांधलंय, तर दोरी सालीत रुतली. घरमालक म्हणतो काढा. परत गेल्यावर काढावंच लागंल. नाहीतर निदान छाटू तरी दे म्हणतो मी, तर कात्री लपवून ठेवते ही!"

सईनं घास खाली ठिवला. "ते तुमचं झाड न्हाय, पप्पा. माझं बी न्हाय. मम्मीचं हाय. तिचं काय बी कुणी कापायचं न्हाय."

"अगं, ती स्वतः कापायची ना!"

"ती कापू दे. ती आली की कापंल."

तात्यांनी तांब्या उचलला आन् नुसताच खाली ठिवला. पोरगी हुशार हाय, मोठी हाय, समदं समजतं तिला. तरी म्हणली, ती आली की कापंल. जावईबापू हात धुवायला गेलं ते लई येळ परतच आलं न्हाईत. बापलेकीत त्या झाडापायी बोलणं बंद झाल्यालं हाय, हे मला तवा कळलं. ते झाड पडंल न्हायतर वाळंल, आन् ते गेलं तर ही पोरगी बापाला जन्मभर माफ करायची न्हाय. तुला गमावून बसलीत दोघं, आता एकमेकाला गमावतील.

पण मी कोण सांगणार तिला? मी बी तसलीच. त्याच दिवशी दुपारी सई म्हणली, "आज्जी, मम्मीचं शाळंतलं फोटू दाव." कपाट उघडलं तर वरच्या कप्प्यात तुझं हिरवं इरकल लुगडं. डोहाळजेवणाला नेसली व्हतीस ते. सई पोटात व्हती, तू झोपाळ्यावर बसली व्हतीस, आन् गोदाकाकू म्हणली व्हती, पोरगीच व्हणार, चेहरा उतरलाय. सईनं घडीला हात घातला, तशी मी तिच्या हातातनं वढूनच घेतलं. "ह्याला हात लावू नगं!" पोरगी दचकली. मी परत घडी घालून ठिवलं. घडी व्हती तशीच घातली बरं का, तू घातलेली.

मग आपल्या ओढ्याच्या कडंच्या रानात टोळी आली ऊसतोडीला. तात्या सईला संगं घिऊन गेलं. थंडीत आमी स्वेटर, कानटोपी, आन् ही बया उघड्या हातानं! "आज्जी, ह्याला थंडी म्हणतेस?" टोळीतल्या बाया तिला बघून हसायला लागल्या. दिस कलायच्या आत समदा ऊस आडवा, मोळ्या बांधून गाडीत. जितं सकाळी ऊस डोक्याच्या वर व्हता तितं नुसतं पाचट.

मी भाकरी घिऊन गेले तर ही बांधावर गपगार बसल्याली. तात्यांना इचारत व्हती, "आबा, समदं मारलं?"

"मारतंय कशाला?" तात्या कोयत्यानं उरलेली बुडखं जमिनीबरोबर छाटत व्हतं. "खोडवा ठिवायचा हाय. ऊस तुटला तरी बुडखा जमिनीतच असतो. त्यातनंच पुढच्या वर्सीचा ऊस. पुन्यांदा लावायचा न्हाय, काय न्हाय."

"मग अजून खाली का कापताय? थोडं तरी ठिवा की!"

"वर ठिवलं तर वरच्या डोळ्यातनं कोंब फुटतो, तो लेचापेचा. बुडातनं फुटलं की जोम असतो."

"आन् फुटलंच न्हाय तर?"

तात्या थांबलं. तुला ठावं हाय, ह्या माणसाला दोन वाक्यं सलग बोलायला वर्स लागतं. तुझं नाव तर तू गेल्यापासनं घेतलंच न्हाय. कोयता टेकवला आन् म्हणलं, "मुळं जित्ती हायत तवर फुटतं, बाळा."

त्या दिवसापासनं पोरीनं एकच धंदा मांडला. सकाळी उठली की त्या रानात. पाचट बाजूला करून बघायचं आन् परत यायचं. गोदाकाकू वाटंत गाठून इचारायची, "काय गं, पुरलेला हंडा हुडकतीस व्हय?" सई म्हणायची, "व्हय, तुमाला बी देती अर्धा." तोडीस तोड! गोदाकाकू माझ्याकडं येऊन म्हणती, "ही मनीच हाय गं, ही मनीच." आन् मग दोघी पदर डोळ्याला लावून बसतो आमी.

एकदा दुपारी ओट्यावर मी शेंगा फोडत बसले व्हते. सई शेजारी येऊन बसली. फोनमधी झाडाचा फोटू काढून दावला. ह्या खेपंला मी "ऱ्हाऊ दे" म्हणलं न्हाय. बघितलं. खरंच माडीएवढं झालंय गं, एका अंगाला कललेलं, दोरीनं आवळलेलं. पोरगी म्हणली, "आज्जी, मी काहीच कापू दिलं न्हाय, तरी मम्मीची गोल पानं गेली. समदी लांब झाली. एक बी गोल न्हाय ऱ्हायलं."

"जायचीच. झाड मोठं झालं की पान लांब हुतं. तुझ्या आईनंच सांगितलं व्हतं मला."

"मग ती कुठनं येणार परत?"

मी शेंग हातातच धरून ऱ्हायले. मने, मला बोलायचं नव्हतं. पण तुझी लेक माझ्या तोंडाकडं बघत व्हती. मी म्हणलं, "खालनं. कापलं तर खालनं येतील."

ती उठलीच ताडकन. "तू बी पप्पांसारखीच!"

"बस. मला एक सांग, तुझी आई छाटायची ती जागा दिसती का झाडावर?"

जरा येळानं बसली. फोटू मोठा करून दावला. खोडावर गुडघ्याएवढ्या उंचीला एक गाठ हाय. जाडजूड, मुठीसारखी. दर वर्सी तितंच कापून कापून झाल्याली. तुझ्या कात्रीची जागा हाय ती. मी त्या फोटूवर बोट ठिवलं. काचच लागली बोटाला, दुसरं काय लागणार? म्हणलं, "तुझ्या आईनंच खूण करून ठिवलीय, बाळा. हितनं वर काप."

सईनं फोन मांडीवर पालथा ठिवला. मग म्हणली, "तू मम्मीचं हिरवं लुगडं कापशील?"

"काय?"

"तू ते कापून दे. मग मी झाड कापीन."

घ्या! कुठनं आणलीस गं ही पोरगी? माझ्याच गळ्यात घंटा बांधली. मी शेंगा गोळा केल्या आन् आत गेले. झाड कापलं तर फुटतं. लुगडं कापलं तर काय फुटणार हाय?

त्यानंतर तिचं रानात जाणं चालू, माझं कपाटापुढं उभं ऱ्हाणं चालू. एकदा घडीला नाक लावून बघितलं. तुझा वास कवाच गेलाय गं. डांबरगोळीचा वास येतो नुसता. हे कुणाला सांगितलं न्हाय मी. तुलाच सांगती.

परवा सकाळी मी अंगण झाडत व्हते, तर सई पळत आली. पाय चिखलानं भरल्याले, केस मोकळे. "आज्जी! आलं! आलं!" मला वाटलं काय चावलं का काय! हात धरून वढतच नेली मला. पाचटाखाली वाकून दावलं. बुडख्याच्या कडंनं कोंब. सुईच्या टोकाएवढा हिरवा. एक न्हाय, शेजारी अजून. जावईबापू बी मागनं आलं व्हतं. सई वर न बघताच म्हणली, "पप्पा, हितं बसा. दिसंल तुमाला." किती दिसांनी बापाशी आपणहून बोलली! ते माणूस पँटीसकट चिखलात बसलं.

घरी आले ती सरळ कपाट उघडलं. मने, ते इरकल मी बाहीर काढलं.

गोदाकाकू तेवढ्यात आलीच, तिला वासच येतो. "आगं, लेकीचं लुगडं फाडतीस? डोकं फिरलं का तुझं?"

मी म्हणलं, "झाडाला दोरी रुतलीय. मऊ कापड पायजे बांधायला." खोटं न्हाय ते. डाळिंबाला आपण जुन्या लुगड्याची पट्टीच बांधतो की. तितं थंडी सरायला अजून दोन म्हैनं हायत, तवर वाऱ्यात झाड उभं ऱ्हायला पायजे. भर थंडीत कापलं तर घाव भरायचा न्हाय.

गोदाकाकू बघत ऱ्हायली. मग पदर खोचला आन् म्हणली, "मग अशी उभी का? आण की इळी. पयला काप घातल्याबिगर फाटतंय व्हय इरकल?"

पयला काप मी घातला. एक टोक सईनं धरलं, एक मी. फाडताना केवढा आवाज झाला गं! भर अंगणात कुणी वरडल्यासारखा. मी डोळं मिटलं. उघडलं तर सई रडत व्हती. तू गेल्यापासनं ही पोरगी रडली न्हाय, असं जावईबापू म्हणत व्हतं. ती रडली, मी रडले, गोदाकाकूनं तर गळाच काढला. तात्या गोठ्यातनं बाहीर आलं, बघितलं, परत आत गेलं. आतनं नाक शिंकरल्याचा आवाज आला. पदर मातर सईनं फाडू दिला न्हाय. "पदर तुला ऱ्हाऊ दे, आज्जी. बाकीचं झाडाला." तो माझ्या उशीखाली हाय आता.

सांगायचं ते समदं सांगितलंय मी पोरीला. तितं गेल्या गेल्या नायलॉनची दोरी सोडायची, पट्टी सैल बांधायची, खोडाला हलायला जागा ठिवायची. थंडी सरत आली की गाठीच्या वर कापायचं. टप मोठा घ्यायचा, बुडाला दगड घालायचं म्हणजे वाऱ्यात कलंडणार न्हाय. टपात गोल गोल फिरल्याली मुळं मोकळी करायची, नवी माती घालायची. कापल्यावर कौतिकानं पाण्याचा मारा करायचा न्हाय, पानंच न्हाईत तर पिणार कोण? फुटवं आलं की मग रोज. तुझंच तर समदं हाय, तूच फोनवर सांगितल्यालं. मी नुसतं तुझ्याकडनं घेऊन तिला दिलं.

"पण कापायची मीच," सई म्हणली. "पप्पा टप धरतील."

जावईबापू म्हणलं, "धरतो की." तुझा 'की' त्यांना बी लागलाय, बघ.

आता माझ्या मनातलं सांगू? मला भ्या वाटतंय. ऊस आपल्या मातीतला, त्याची मला जन्माची वळख हाय. ते झाड परक्या गारठ्यात, टपात कोंडल्यालं, आन् कैक दिसांत कात्री न लागल्यालं. जुन्या खोडाला डोळा फुटायला जड जातं म्हणत्यात. न्हायच फुटलं तर? मागं माझ्या बोलण्यावरनंच ते हीटरपाशी गेलं व्हतं. पोरगी माझ्या शब्दावर कात्री चालवणार हाय. न्हाय फुटलं तर तुला मी दुसऱ्यांदा घालवल्यासारखं व्हईल तिला. फुटंल ना गं, मने? तू तितं असशील तर त्या बुडाशी जरा हात ठिव की. एवढं कर माझ्यासाठी. तोंड लपवू नगंस आता.

सकाळी गाडीत बसताना सईनं इचारलं, "आज्जी, परत कधी येऊ?"

"पंचमीला ये. लेकी माहेरी येत्यात पंचमीला. झोका बांधते तुला."

"पंचमीला काय करतेत?"

"काय करतेत म्हणजे? नागाला दूध-लाह्या, पुरणाची दिंडं. चुलीवर तवा ठिवायचा न्हाय. चिरायचं न्हाय, कापायचं न्हाय. घरात इळीला हात लावायचा न्हाय त्या दिवशी."

पोरगी गाडीच्या दारात थांबली. "काहीच कापायचं न्हाय?"

"भाजी बी न्हाय."

"मग तवाच यायचं, पप्पा," ती म्हणली. जावईबापूंनी लगेच फोनमधी बघितलं, तितल्या शाळंला तवा मोठी सुट्टीच असती म्हणं. सईनं माझा गाल दाबला, तू दाबायचीस तसा. "गोल पान घेऊन येती, आज्जी." आन् गेली. गोदाकाकू वाटंपतुर गाडीमागं चालत गेली, वाटी तशीच हातात. अजून दही नेलं न्हाय तिनं.

तर मने, तुला एक वचन देती. गोल पान आलं तर ते तुझ्या पदरात गुंडाळून ठिवीन, आन् त्या झाडावरचा राग नीरेत सोडून येईन. पान न्हाय आलं, पोरगी रिकाम्या हातानं आली, तर झाडाचं नाव सुदिक काढणार न्हाय. तिला झोक्यावर बसवीन आन् तिचंच तोंड बघत बसीन. तिनं कुठं बी फिरवू दे, ह्या खेपंला मी तोंडच बघणार हाय. दुसरं काय बघायची न्हाय.

पंचमीच्या आदल्या दिवशी येतो म्हणलेत.

तुझीच,
आई